छाटणीनंतरची फवारणी: द्राक्षाचा डोळा न जाळता कीड कशी आवरायची

द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे एप्रिलच्या आसपासची छाटणी, उरकली की बागेत नुसती खोडं आणि ओलांडे (खोडाच्या आडव्या पसरलेल्या फांद्या) उरतात. पान नाही, घड नाही. मग "आता काय जळणार आहे, मार दणकून" असं म्हणत टाकीत नेहमीच्या दीडपट औषध पडतं. नारायणगाव-जुन्नरकडे जा, इंदापूर-बारामतीकडे जा, हे वाक्य कानावर येतंच. उघड्या खोडावर फवारणी करण्यात गैर काही नाही. सालीखाली दडलेला मिलीबग (पिठ्या ढेकूण), काडीवर टिकून राहिलेले करपा रोगाचे डाग, भुरी या बुरशीचे अवशेष, हे सगळं गाठायला वर्षभरात याहून चांगली वेळ मिळत नाही. पण त्याच उघड्या लाकडावर डोळेही, म्हणजे नवी फूट जिथून येते त्या कळ्याही, असतात आणि ते जिवंत असतात. ते भाजले तर बाग पुढे हिरवीगार होते, मांडव भरतो, घड मात्र शोधावे लागतात.

म्हणून या दिवसांत औषधाच्या निवडीइतकंच ते कधी, कशात आणि कशानंतर मारायचं याला महत्त्व आहे. लिहितोय द्राक्षाबद्दल, कारण पुणे जिल्ह्यात वेलवर्गीय फळपीक म्हटलं की द्राक्षच. दारात किंवा गच्चीवर एखादा वेल लावलेल्यांसाठीही शेवटी थोडं लिहिलं आहे.

आपल्याकडचा वेल पूर्ण झोपत नाही

युरोपात किंवा कॅलिफोर्नियात हिवाळ्यात द्राक्षवेलीची सगळी पानं गळतात आणि वेल काही महिने खरोखर सुप्त राहतो. तिकडच्या शिफारशींत चुना-गंधकाचं द्रावण, खनिज तेल अशी जहाल औषधं 'सुप्तावस्थेत फवारा' असं लिहिलेलं असतं, कारण त्यांच्या हाताशी कित्येक आठवडे असतात. आपल्या हवामानात वेल आपणहून पानं टाकून झोपत नाही. आपण त्याला वर्षातून दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो: एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यामुळे तिकडचा सल्ला मोबाइलवर वाचून इकडे जसाच्या तसा वापरला की दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली फसगत काढणीनंतरच्या विश्रांतीत. घड उतरले की खरड छाटणीपर्यंत बागेला आपण विश्रांती देतो, पण तेव्हा पानं वेलीवरच असतात आणि काम करत असतात. काडीत, ओलांड्यात आणि मुळांत अन्नसाठा भरायचा तो याच दिवसांत. नावात 'विश्रांती' आहे म्हणून या पानांवर जहाल तेल किंवा गंधक मारलं आणि ती करपली, तर एप्रिलची फूट अशक्त येते. जहाल फवारणी छाटणीनंतरच, छाटणीआधी पानांवर नाही.

दुसरी फसगत छाटणीनंतरच्या मुदतीत. आपल्याला आठवडे मिळत नाहीत, मोजके दिवस मिळतात. हवा उबदार असेल तर आठवडाभरात डोळे फुगायला लागतात आणि दहा-बारा दिवसांत फुटतात. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. दोन-तीन एकर बागेची छाटणी एका दिवसात होत नाही. मजूर मिळतील तशी ती चार-सहा दिवस चालते. शेवटची ओळ छाटून होईपर्यंत पहिल्या ओळीतले डोळे पुढे गेलेले असतात. अख्ख्या बागेला एकच दिवस ठरवून फवारलं की पहिल्या ओळींना चटका बसतो. छाटणी ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने, तुकड्यातुकड्याने फवारा. कोणती ओळ कोणत्या तारखेला छाटली ते डांबावर खडूने लिहून ठेवलं तरी पुरतं.

सुरुवात: डोळा कापून बघा

पंप बाहेर काढण्याआधी धारदार ब्लेड घेऊन बागेत जा. बागेच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून, जाड, मध्यम आणि बारीक अशा सगळ्या प्रकारच्या काड्यांवरचे थोडे डोळे घ्या. प्रत्येक डोळा वरून आडवा, पातळ चकतीसारखा कापत खाली या. द्राक्षाचा एक डोळा म्हणजे प्रत्यक्षात एकाच खवल्याखाली बसलेले तीन अंकुर. मधला मोठा तो मुख्य, त्याच्या बाजूचे दोन लहान ते दुय्यम. जिवंत अंकुर पोपटी हिरवा आणि ओलसर दिसतो, मेलेला तपकिरी किंवा काळा आणि कोरडा.

हे तीन अंकुर एकदा डोळ्यांनी बघितले की फवारणीची घाई आपोआप कमी होते. घड मुख्यतः मधल्या अंकुराबरोबर येतात. तो मेला तर बाजूचा फुटतो, पान देतो, काडीही देतो, पण घड देत नाही किंवा एखादा लहानसा देतो. म्हणूनच डोळ्याला झालेली इजा महिनाभर कळत नाही. फूट आलेली दिसते, माणूस निर्धास्त होतो.

बाहेरून डोळ्याच्या तीन अवस्था ओळखायला शिका. खवले घट्ट मिटलेले, तपकिरी आणि कडक असतील तर डोळा बंद आहे आणि जहाल फवारणी चालते. खवले सरकून आत पांढरट-गुलाबी कापूस दिसू लागला, म्हणजे डोळे कापसले, की तेल, चुना-गंधक आणि हायड्रोजन सायनामाइड (डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायचं द्रावण) बंद. हिरवं टोक बाहेर आलं, म्हणजे पोंगा अवस्था, की जे काही माराल ते पानावरच्या मात्रेनेच आणि तेही सौम्य असेल तेच. बागेत तिन्ही अवस्था मिसळलेल्या असतील तर निर्णय सर्वांत पुढे गेलेल्या डोळ्याकडे बघून घ्या.

पोंग्याच्या वेळीच नेमका उडद्या हा भुंगेरा येतो. रात्री-पहाटे फुगलेले डोळे कोरून खातो आणि एका डोळ्यामागे एक काडी जाते. घाबरून रोज संध्याकाळी वेगवेगळी कीटकनाशकं मिसळून मारण्याचा मोह होतो, आणि उडद्याने खाल्लं त्यापेक्षा जास्त कोंभ फवारणीने जळतात. उडद्यासाठी शिफारशीचं एकच औषध, लेबलवरच्या मात्रेत, संध्याकाळी मारा. सकाळी वेल हलवून खाली अंथरलेल्या कापडावर पडणारे भुंगेरे वेचणं कंटाळवाणं आहे खरं, पण छोट्या बागेत त्याने निम्मं काम होतं.

आधी साल, मग औषध

मिलीबगसाठी फवारणी करणार असाल तर आधी खोडाची आणि ओलांड्याची सुटलेली जुनी साल काढा. हाताने, गोणपाटाने घासून किंवा बोथट पात्याने. सुटलेलीच साल काढायची, आतल्या हिरव्या थराला धक्का लावायचा नाही. काढलेली साल बागेत पसरू न देता गोळा करून नष्ट करा, नाहीतर मिलीबग तिथूनच परत चढतो. नंतर साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खोड धुऊन घ्या. मुंग्यांची ये-जा तोडा, कारण त्या मिलीबगची राखण करतात.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण असं की साल तशीच ठेवून मारलेलं औषध किडीपर्यंत पोचत नाही. मग मात्रा वाढते, मग फेऱ्या वाढतात, आणि वाढलेली मात्रा कीड सोडून डोळ्यांच्या वाट्याला येते. जास्तीच्या औषधाने होणारी बरीच इजा मुळात साल न काढल्यामुळे होते, असं माझं ठाम मत आहे.

खोडकिड्याच्या छिद्रात डायक्लोरव्हॉस सोडून चिखलाने बुजवायचा जुना सल्ला अजून तोंडी फिरतो. ते औषध देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद आहे. छिद्रात तार घालून अळी काढा आणि भुसा पडतोय का यावर लक्ष ठेवा.

दिवस कोणता, वेळ कोणती

एप्रिलमध्ये पुणे जिल्ह्यात दुपारचं तापमान ३८-४० अंशांपर्यंत जातं. छाटणीनंतर पानांची सावली गेल्यामुळे ओलांड्यावर थेट ऊन पडतं आणि वरची साल हाताला चटका देते. तापलेल्या लाकडावर फवारलेल्या द्रावणातलं पाणी झटकन उडतं आणि औषध डोळ्यावर दाट होऊन बसतं. म्हणून एप्रिलमध्ये फवारणी संध्याकाळी, लाकूड निवल्यावर. तेलकट औषधासाठी तर हा नियम मोडूच नका.

ऑक्टोबरमध्ये गणित उलटं होतं. परतीचा पाऊस, ढगाळ हवा, पहाटेचं दव. औषध तासन्‌तास ओलं राहतं. तांब्याचं औषध जितका वेळ ओलं, तितकं जास्त तांबं विरघळून कोवळ्या भागात शिरतं. तेव्हा फवारणी अशी करा की दोनेक तासांत सुकेल: दव उतरल्यावर, सकाळी नऊच्या पुढे, वारा पडलेला असताना.

पाण्याचा ताण पडलेल्या बागेत फवारू नका. आदल्या दिवशी ठिबकने पाणी द्या. ताणाखालच्या वेलीला तेल आणि गंधक दोन्ही लवकर लागतात.

बोर्डो: चुना जुना असेल तर घात

छाटणीनंतरची आपल्याकडची पहिली फवारणी बहुधा बोर्डोचीच, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या मिश्रणाची. फ्रान्समधल्या बोर्दो भागात मिलार्दे यांनी हे मिश्रण १८८५ मध्ये लोकांपुढे ठेवलं, तेही द्राक्षावरच्या केवडा या बुरशीरोगासाठी. तेव्हापासून घटक तेच आहेत, आणि बिघडण्याची कारणंही तीच. मोरचुदातलं तांबं मोकळं असतं तेव्हा ते बुरशीबरोबर वेलही जाळतं. चुना त्याला बांधून ठेवतो. चुना कमी पडला किंवा निकामी असला की मोकळं तांबं उरतं आणि तेच डोळा भाजतं.

एक टक्क्याचं २०० लिटर बोर्डो करायचं तर:

१. दोन किलो मोरचूद फडक्याच्या पुरचुंडीत बांधा आणि प्लास्टिकच्या पिंपात, १०० लिटर पाण्याच्या वरच्या भागात रात्रभर लोंबकळत ठेवा. तळाशी टाकलेलं मोरचूद विरघळायला फार वेळ घेतं. लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं भांडं वापरू नका, तांबं भांड्यावरच बसेल.

२. दोन किलो कळीचा चुना वेगळ्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालून फोडा. तो तापला, फसफसला, फुलला तर चुना ताजा आहे. गपगार पडून राहिला तर तो हवेतच मेलेला आहे, टाकून द्या. फोडलेला चुना निवू द्या, १०० लिटर करा आणि कापडातून गाळून घ्या.

३. दोन्ही द्रावणं थंड झाल्यावर एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता आणि लाकडी काठीने ढवळत राहा. तिसरं पिंप नसेल तर मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता. चुना मोरचुदात ओतायचा नाही, गुठळ्या होतात.

४. रंग आकाशी निळा हवा. हिरवट दिसला तर तपासा.

५. घासून लख्ख केलेलं लोखंडी पातं किंवा खिळा मिश्रणात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे. थोडी चुन्याची निवळी घाला, ढवळा, पातं पुन्हा घासून पुन्हा बुडवा. थर येणं थांबेपर्यंत हे करत राहा. सोबत सामूची (आम्ल-अल्क मोजायची) पट्टी असेल तर मिश्रण किंचित अल्कधर्मी, म्हणजे सातच्या वर दिसायला हवं.

६. त्याच दिवशी संपवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका, कण जड होऊन खाली बसतात.

पात्याची ही परीक्षा दुकानातून तयार चुना आणणाऱ्यांनी तर नक्की करावी. पिशवी फुटलेली असेल, पावसाळ्यात गोदामात पडून असेल, तर त्या चुन्यात वजन असतं, ताकद नसते. वजन बरोबर करूनही बाग जळते ती यामुळे.

एक टक्का बोर्डो फक्त बंद डोळ्यांवर आणि लाकडावर. हिरवी फूट आल्यावर ही मात्रा नाही. छाटणीच्या मोठ्या जखमांना आणि खोडाला लावायची दहा टक्क्यांची पेस्ट (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी) ब्रशने लावताना डोळ्यांवर चढू देऊ नका.

आणि एक खास इथला धोका. बोअरचं पाणी जड म्हणून बरेच जण टाकीत आधी सायट्रिक अॅसिड किंवा सामू कमी करणारं द्रावण घालतात. इतर काही औषधांसाठी ते ठीक आहे. तांब्याच्या कोणत्याही औषधाबरोबर नाही. पाणी आम्ल झालं की बांधलेलं तांबं मोकळं सुटतं. फोसेटिल किंवा फॉस्फरस अॅसिडचे क्षार केवड्यासाठी आपण सर्रास वापरतो, तेही याच कारणाने तांब्यात मिसळायचे नाहीत.

गंधक आणि तेल: या दोघांची गाठ घालू नका

तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की गंधक हिरवा भाग भाजतं. एप्रिलच्या दुपारचा हिशेब वर दिलाच आहे, म्हणजे कोवळ्या फुटीवर एप्रिल-मेमध्ये गंधक मारणं हे वेलीवर ओढवून आणलेलं संकट आहे. छाटल्याबरोबर, डोळे बंद असताना, नुसत्या लाकडावर संध्याकाळी मारलं तर चालतं.

खनिज तेल किंवा जास्त मात्रेतलं कडुनिंबाचं तेल किडीला गुदमरून मारतं. त्याचा पातळ थर डोळ्यावरही बसतोच. बंद डोळ्याला तो सोसतो, कापसलेल्याला सोसत नाही. फूट उशिरा, पुढेमागे आणि तोकडी येते. तेल पाण्यात नीट फेसाळून दुधासारखं झालं पाहिजे आणि टाकी रिकामी होईपर्यंत ढवळत राहिलं पाहिजे. जड पाण्यात ते फुटतं, वर तवंग येतो आणि टाकीच्या शेवटाला निव्वळ तेल नोजलमधून बाहेर पडतं. ओळीच्या शेवटची चार-पाच झाडंच जळालेली दिसली तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

गंधक आणि तेल यांत कमीत कमी दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, जमलं तर महिन्याचं. कोणतं आधी, कोणतं नंतर याने फरक पडत नाही. तेलात विरघळलेलं गंधक पेशींत शिरतं आणि डाग पडतात. कॅप्टन हे बुरशीनाशकही तेलाबरोबर किंवा तेलाच्या मागोमाग नको. आपल्या छाटणीनंतर दोन आठवड्यांत फूट येते, म्हणजे व्यवहारात या मुदतीत दोघांपैकी एकच निवडायचं. मिलीबग हा मुख्य त्रास असेल तर तेल, भुरीचा इतिहास असेल तर गंधक.

चुना-गंधकाचं द्रावण अतिशय दाहक असतं. फक्त बंद डोळ्यांवर, एकटं, आणि बोर्डो किंवा तेलापासून लांब. त्यात आम्ल कधीही घालू नका, विषारी वायू सुटतो.

हायड्रोजन सायनामाइड: कीडनाशक नसलं तरी याच दिवसांत येतं

फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावलं जाणारं हे द्रावण छाटणीनंतर लगेच, शक्यतो दोन दिवसांत लावायचं. ५० टक्के द्रावणाची लिटरला ३० ते ४० मिली ही आपल्याकडची रूढ मात्रा. हवा गरम असेल आणि काडी बारीक असेल तर खालची, थंडी असेल आणि काडी जाड असेल तर वरची. डोळे फुगल्यावर लावलं तर अंकुर आतच मरतो. हिरव्या कोंभावर पडलं तर तो दुसऱ्या दिवशी काळा पडलेला दिसतो. फूट कमी वाटते म्हणून दुसरा हात देणं म्हणजे फुटलेल्या डोळ्यांना मारणं.

बोर्डोमध्ये ते मिसळू नका. बोर्डो अल्कधर्मी असतं आणि अल्कधर्मी पाण्यात हायड्रोजन सायनामाइडचं रूप बदलून त्याचा परिणाम जातो. एका दिवशी एक, ते पूर्ण सुकल्यावर दुसरं.

लावणाऱ्या माणसाबद्दल दोन शब्द, आणि हे मी कळकळीने लिहितोय. या औषधाच्या संपर्कात आलेल्या माणसाने दारू घेतली तर शरीरात घातक प्रतिक्रिया होते: चेहरा लाल, धडधड, रक्तदाब उतरणं, श्वास कोंडणं. लावण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारू नको, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही नको. मजुरांना हे सकाळी कामाला लावण्याआधी स्पष्ट सांगा. सगळ्यांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर मुकादमाला विश्वासात घ्या, पण सांगा. रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि काम झाल्यावर अंघोळ.

टाकीत काय जातं

दुकानदाराने दिलेल्या चार बाटल्या एकाच टाकीत ओतणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. मिसळायचंच असेल तर आधी बाटलीत बघा: एक लिटर पाणी, त्याच प्रमाणात औषधं, आधी भुकटी आणि दाणेदार, मग दाट प्रवाही, मग तेलकट, स्टिकर (औषध पसरवून चिकटवणारं द्रव) सर्वांत शेवटी. हलवून अर्धा तास ठेवा. साका, गाठी, तवंग किंवा बाटली गरम लागली तर नको. बाटलीत ठीक दिसलं म्हणजे वेलीला चालेल असं नाही. त्यासाठी बागेच्या कडेच्या चार-पाच वेलींवर मारा, तीन-चार दिवस थांबा, डोळे कापून बघा. मुदत कमी असते हे मान्य, म्हणून ही चाचणी पहिल्या छाटलेल्या तुकड्यावर करायची.

सिलिकॉन स्टिकर उघड्या डोळ्यावर वापरताना फार जपा. तो औषध खवल्यांच्या आत ओढतो. तांबं किंवा तेल असेल तर स्टिकर घालूच नका.

मात्रा लिटरवर आहे की एकरावर ते लेबलवर बघा. उघड्या बागेला पानांनी भरलेल्या बागेपेक्षा कितीतरी कमी पाणी लागतं. ब्लोअरची (ट्रॅक्टरवरच्या पंख्याच्या फवारणी यंत्राची) वरची नोजलं बंद करा. आणि 'एकराला एवढं' म्हणून ठरलेलं औषध निम्म्या पाण्यात टाकलंत तर द्रावण दुप्पट जहाल झालं, हे लक्षात घ्या.

निर्यातीची बाग असेल तर परिशिष्ट ५, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांवर चालणाऱ्या औषधांची यादी, बघितल्याशिवाय बाटली उघडू नका. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानाप्रमाणे सल्ले देतं, तेही बघत जा. केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, शंका असेल तर जळालेली काडी घेऊन जाता येतं.

उसाचा पंप बागेत आणू नका

कुकडीच्या किंवा नीरेच्या पाण्यावर बांधाला बांध लागून ऊस आणि द्राक्ष असतात. उसातल्या तणासाठी २,४-डी मारतात, आणि द्राक्षाइतकं या तणनाशकाला हळवं पीक क्वचितच असेल. टाकीच्या तळाशी, पाइपात, गाळणीत राहिलेला अंशही पुरतो. कोवळी पानं पंख्यासारखी आवळतात, कडा दातेरी होतात, शिरा एकमेकींजवळ येऊन समांतर दिसतात. एकदा लागलं की त्या फुटीला इलाज नाही.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा. भाड्याचा ट्रॅक्टर-ब्लोअर असेल तर याआधी कशाला वापरला ते विचारा आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी, पाइप, नोजलं धुऊन, पाणी सोडून, पुन्हा धुऊन घ्या. शेजाऱ्याशी आधीच बोला. पोंगा अवस्थेत आठ-दहा दिवस तणनाशक थांबवा किंवा वारा आपल्या बागेकडे नसताना मारा, एवढं सांगितलं तर बहुतेक लोक ऐकतात. गरम दुपारी मारलेल्या २,४-डीच्या एस्टर प्रकाराची वाफ वाऱ्याशिवायही सरकते.

जळलं तर ओळखायचं कसं

औषधाची इजा पसरत नाही, रोग पसरतो. ही पहिली कसोटी. फवारणीनंतर दोन-चार दिवसांत एकदम दिसलं, एकाच वयाच्या पानांवर आहे, आणि नंतर आलेलं पान स्वच्छ आहे, तर ते औषध. केवड्याच्या डागाखाली सकाळी पांढरी बुरशी दिसते, भाजलेल्या डागाखाली काही नसतं. क्षारांमुळे जळणाऱ्या कडा खालच्या जुन्या पानांवर आधी येतात आणि हळूहळू वाढतात.

तांब्याने बारीक काळपट ठिपके आणि कडांना तपकिरीपणा येतो. गंधकाने उन्हाकडची बाजू भाजते. तेलाने आधी पाणी लागल्यासारखे गडद ओले डाग पडतात. थेंब साचतात तिथे, म्हणजे पानाच्या टोकाला डाग असतील तर द्रावण जास्त झालं. बागेत चालत जाऊन बघा: टाकी भरल्याच्या ठिकाणापासून सुरू होतंय की संपल्याच्या ठिकाणी? एका बाजूच्याच ओळी की सगळ्या? ब्लोअर वळतो तिथे दोनदा फवारा बसतो, ती झाडंही तपासा.

त्याच दिवशी लक्षात आलं तर लगेच स्वच्छ पाण्याची भरपूर फवारणी करा. सुकून गेल्यावर धुण्याचा फारसा उपयोग नाही. नंतर मुख्य काम म्हणजे काही न करणं. युरिया, टॉनिक, संजीवकं यांचा मारा करू नका, भाजलेल्या पानाला तोही ताणच आहे. नियमित, बेताचं पाणी द्या. अर्धवट जळालेली पानं तोडू नका, उरलेला हिरवा भाग अन्न बनवतोय. किमान आठवडाभर जहाल फवारणी नको. डोळे कापून मुख्य अंकुर किती वाचले त्याचा अंदाज घ्या आणि पुढची विरळणी त्याप्रमाणे हात राखून करा.

एप्रिलमध्ये जळालेली बाग ऑक्टोबरपर्यंत विसरू नका. खरड छाटणीनंतरच्या साधारण दोन महिन्यांत नव्या काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या काळात पानं करपली असतील तर डोळ्यात घडाऐवजी बाळीच (आधाराला गुंडाळणारा तंतू) तयार होते. अशा बागेत फळछाटणीआधी डोळे तपासून घ्या आणि घड ज्या डोळ्यावर आहे त्याच्या पुढे छाटा.

गच्चीवरचा वेल

कोथरूडच्या गच्चीवर किंवा हडपसरच्या अंगणात एकच वेल असेल तर यातलं बहुतेक काही लागत नाही. छाटणीनंतर सुटलेली साल काढा, जुन्या टूथब्रशने मिलीबग घासा, पाण्याने धुवा. भांडी घासायच्या साबणाचं पाणी फवारण्याची शिफारस जिकडेतिकडे दिसते. तो साबण चिकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो आणि पानावरचा मेणाचा थरही काढतो. कडुनिंबाचं तेल वापरायचं तर संध्याकाळी, बाटलीवर लिहिल्यापेक्षा थोडं कमी, आणि आधी एका फांदीवर. गच्चीच्या फरशीची धग रात्रीही वर येत राहते, म्हणून एप्रिल-मेमध्ये फवारण्याआधी फरशीवर पाणी मारून ती निववून घ्या.